मामांच्या कॉम्प्युटरमधलं रॅन्समवेअर मी कसं काढलं (माझा अनुभव)
नाशिकला पंचवटीत मामांचं दुकान आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर मामेभावाने कुठल्यातरी साइटवरून फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर उतरवलं आणि तासाभरात बिलं, फोटो, सगळ्या फायलींच्या नावामागे भलतंच शेपूट लागलं. फोल्डरमधे चिठ्ठी, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. मामा रडवेले झाले होते, म्हटलं मामा एक रुपया देऊ नका.

आधी नेटची वायर काढली. हे स्टॉप डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, याच्यासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारं मालवेअर पण येतं आणि तिकडे कोणी बघतच नाही! म्हणून मामींच्या मोबाईलवरून आधी ईमेल, मग बँकेचे पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं, कारण चोरलेल्या कुकीज (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) वापरून पासवर्डशिवाय पण आत शिरता येतं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रारही केली.

लॉक झालेल्या फायली चिठ्ठीसकट वेगळ्या हार्डडिस्कवर काढून विंडोज नव्याने टाकलं, नुसत्या स्कॅनवर माझा भरवसा नाही. मग एम्सीसॉफ्टचा फुकट डिक्रिप्टर (लॉक झालेल्या फायली उघडणारं टूल) चालवला. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी टी१ असेल तर ऑफलाइन की (बऱ्याच जणांच्या फायलींना तीच एक किल्ली), म्हणजे थोडी आशा, आमचा तसा नव्हता. पण हे फायलीचा सुरुवातीचा साधारण १५० केबीच भाग लॉक करतं, म्हणून जुन्या बॅकअपच्या झिप फाइलच्या नावामागचं शेपूट काढून सेव्हन-झिपने उघडली तर पहिल्या काही सोडून बाकी बिलं निघाली. मामींनी लगेच चहा टाकला. फोटो अजून अडकलेत, ती हार्डडिस्क जपून ठेवलीये.