दारावर लावण्यासाठी कागदाचा भेसूर मुखवटा

हॅलोविनच्या संध्याकाळी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत मुले खाऊ मागत दारोदार फिरतात. त्यांच्या स्वागतासाठी बाजारातील प्लास्टिकची कवटी आणण्यापेक्षा रद्दीचा मुखवटा घरीच करावा, असे मी आग्रहाने सांगेन; कारण भीती लाल रंगाने नव्हे, तर सावलीने वाटते आणि आपल्या दारावर सावली कुठे पडते हे आपल्यालाच ठाऊक असते.

म्हणून आधी दाराबाहेर उभे राहून उजेड पाहावा. सोसायटीच्या पॅसेजमधील दिवा बहुधा छताला असतो, त्यामुळे प्रकाश वरून खाली येतो. अशा उजेडात भुवयांचा भाग दोन-तीन सेंटिमीटर पुढे काढला, तर डोळ्यांच्या खोबणी आपोआप काळोखात बुडतात.

साच्यासाठी चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा फुगा फुगवून वाडग्यात बसवावा आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला हलकेसे तेल लावावे. खळीसाठी एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, त्यात चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे आणि मिश्रण पारदर्शक होऊ लागले की उतरवावे. त्यात चमचाभर मेथीची पूड अवश्य घालावी. खाडीकाठच्या दमट हवेत नुसत्या मैद्याला लवकर कीड लागते आणि झुरळेही येतात. कागदाच्या लगद्यात मेथी घालण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे.

वर्तमानपत्राच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या हातानेच फाडाव्यात, कारण कात्रीने कापलेली कड वाळल्यावर उठून दिसते. त्या खळीत भिजवून फुग्याच्या तेल लावलेल्या भागावर चिकटवाव्यात. एक थर मराठी वर्तमानपत्राचा आणि पुढचा इंग्रजी वर्तमानपत्राचा दिला, तर कुठे जागा सुटली हे लगेच कळते. दिवसाला दोनच थर देऊन ते पंख्याखाली वाळवावेत. असे सहा थर झाल्यावर फुगा फोडावा, डोळ्यांची भोके मोठी कापावीत आणि मग चुरगळलेल्या कागदाचे गोळे चिकटपट्टीने बसवून भुवया, गालफडे व हनुवटी उभारावी. या उंचवट्यांवर पुन्हा दोन थर द्यावेत आणि सर्वांत वर खळीत भिजवलेला टिश्यू पेपर मुद्दाम सुरकुत्या पाडत चिकटवावा, म्हणजे कातडी सुकलेली दिसते. रंगवण्यापूर्वी मुखवटा दारावर धरून पाहावा आणि डोळ्यांत उजेड शिरत असेल तर भुवया आणखी पुढे घ्याव्यात. माझ्या मते सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

इथे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या आदिवासी उत्सवाची, आठवण होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, आणि तेथील मुखवट्यांचे ठसठशीत डोळे, नाक दुरूनही नजरेत भरतात. ते मुखवटे देवदेवतांचे आणि श्रद्धेचे असल्याने त्यांची नक्कल भुतासाठी करू नये. मात्र ठळक नाकडोळे कसे घडवावेत हे त्यांच्याकडून जरूर शिकावे.

रंगासाठी राखाडी पोस्टर कलरचा हात देऊन तो वाळू द्यावा, नंतर पातळ काळा रंग फासून लगेच कोरड्या फडक्याने पुसावा. काळेपणा सुरकुत्यांमध्येच उरतो. चकचकीत वॉर्निश लावू नये, कारण चमक आली की सावली मरते. केसांसाठी नारळाच्या शेंड्या मोकळ्या करून चिकटवाव्यात.

मुखवटा मुख्य दारावर लावण्यापेक्षा जाळीच्या सेफ्टी डोअरला सुतळीने वर आणि खाली दोन्हीकडे बांधावा, म्हणजे पॅसेजमधील वाऱ्याने तो आपटत नाही. बेल आणि कडी झाकू नये, तसेच आतून पाहण्याच्या भिंगासमोरची जागा मोकळी ठेवावी. आत उजेड हवा असेल तर बॅटरीवरची एलईडी माळच वापरावी. कागद आणि काथ्या यांच्याजवळ पणती किंवा मेणबत्ती कदापि ठेवू नये. २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. अशा वर्षी उंबऱ्याशी पणत्या लागतात, तेव्हा मुखवटा दारावरून काढून घरातील एखाद्या कोपऱ्यात लावावा.

सण झाल्यावर तो उन्हात नीट तापवून, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यास ओल कोंडून बुरशी धरते.