डिनर म्हणजे दुपारचं: ॲथलोनला नव्याने आलेल्यांसाठी

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी आल्यावर तिसऱ्या रात्री मी उपाशी झोपले. खिशात पैसे होते, गावातले पब उघडे होते, दिवे लखलखत होते, आणि तरी. सांगलीच्या सवयीने सव्वानऊला भूक लागली म्हणून नदीजवळच्या एका पबमध्ये शिरले. आत शेकोटी, गप्पा, कोपऱ्यात कुणीतरी फिडल वाजवतंय. मेन्यू मागितला तर काउंटरमागच्या बाईंनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या मायेने सांगितलं की किचन बंद झालं, की मला रागही येईना. शेवटी टेटोच्या चीज-अनियन वेफर्सची दोन पाकिटं आणि एक क्लब ऑरेंज, एवढ्यावर रात्र काढली.

दर सप्टेंबरला टीयूएस विद्यापीठात नवी मुलं येतात, गावालगतच्या मंक्सलंडमधल्या कंपन्यांत नवे इंजिनियर येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: ताई, इथे खायला कुठे मिळतं? माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठे ते नंतर बघू, आधी कधी ते शिका.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच-तीन. मधे सगळं सुस्त. संध्याकाळचं पाचला सुरू आणि बहुतेक पबांची किचनं साडेआठ-नऊला गार. सोमवार-मंगळवारी बरीच रेस्टॉरंटं बंदच असतात, तेव्हा निघण्याआधी फोन करा. पाच ते साडेसहाच्या दरम्यान काही ठिकाणी 'अर्ली बर्ड' मेन्यू असतो, म्हणजे लवकर येणाऱ्यांना तेच जेवण स्वस्तात. आपल्याला त्या वेळी चहाबरोबर चिवडा लागतो, ही आपली अडचण. पण महिनाभरात पोटाला सवय होते.

आणि शब्दांचं सांभाळा. इथल्या जुन्या माणसांसाठी 'डिनर' म्हणजे दुपारचं मुख्य जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं हलकं खाणं. मला एका सहकारी बाईंनी रविवारी डिनरला बोलावलं होतं. मी पाडव्यासारखी नटून, बेसनाचे लाडू घेऊन संध्याकाळी सातला दारात हजर. ती मंडळी दुपारी एकपासून वाट बघून, जेवून, भांडी घासून मोकळी झाली होती. तरी मला बसवलं, गार झालेलं रोस्ट गरम करून वाढलं. लाडू मात्र तिथल्या तिथे संपले.

आता गाव. शॅनन ही आयर्लंडची सगळ्यात लांब नदी, आणि ॲथलोन तिच्या जवळजवळ मधोमध. गावाचं जुनं आयरिश नावच मुळी 'आह लुअन', लुअनचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. नदी गाव कापत जाते. पूर्वेला दुकानं, मॉल, स्टेशन. पश्चिमेला तेराव्या शतकातला किल्ला, दोन मनोरे आणि घुमटाचं मोठं चर्च आणि त्यामागच्या अरुंद रंगीत गल्ल्या. पश्चिमेकडच्या बाजूला लोक अजून 'कॉनॉट साइड', म्हणजे पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताची बाजू, म्हणतात, आणि पुढे मंक्सलंडला पोचलात की जिल्हाही बदलून रॉसकॉमन होतो. खायला-प्यायला जायचं तर पश्चिमेकडे. किल्ल्याच्या पाठीमागे दहा मिनिटं नुसतं फिरलात तरी निम्मं काम होतं.

दुपारी पैसे वाचवून पोट भरायचं असेल तर तीन गोष्टी. पहिली, सूप आणि ब्राउन ब्रेड. हा ब्रेड यीस्टशिवाय, ताक आणि सोड्यावर फुगवतात. आपल्या माणसाला त्याची आंबूस चव लगेच पटते, वरून इथलं खारं लोणी. दुसरी, पबमधलं 'कार्व्हरी'. काउंटरवर ट्रे घेऊन उभं राहायचं, आचारी समोर मांस कापून देतो, वर भाज्या आणि ग्रेव्ही. एकाच ताटात बटाटा कुस्करलेला, भाजलेला आणि कधीकधी तळलेलाही. पंधरा-अठरा युरो जातात, पण रात्री जेवावं लागत नाही. तिसरी, चिकन फिलेट रोल. सेंट्रा-स्पारसारख्या कुठल्याही दुकानाच्या 'डेली', म्हणजे तयार खाण्याच्या, काउंटरवर मिळतो, आणि विद्यार्थ्यांचा वडापाव हाच. तुम्ही रांगेत असताना पुढचा मुलगा 'बटर, मेयो, चीज, लेट्युस, कांदा' हे एका दमात म्हणतो. तुमची वेळ येईपर्यंत पाठ करून ठेवा, मागे लोक खोळंबतात.

शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेरियन' एवढ्यावर थांबू नका. अंडं चालतं असं इथे गृहीत धरलेलं असतं. भाजीचं सूप म्हणाल तर त्याचा स्टॉक कोंबडीचा निघू शकतो. चिप्स, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज, कशात तळल्या तेही विचारा, काही ठिकाणी गुरांच्या चरबीत तळतात. 'टोस्टेड स्पेशल' म्हणजे हॅम, चीज, टोमॅटो, कांदा. हॅम काढून मागितलं की आपलं टोस्ट सँडविच तयार, कुणी भुवई उंचावत नाही. मेन्यूवर पदार्थापुढे १, ३, ७ असे आकडे दिसतील, ते तिखटाचे नाहीत. ते ॲलर्जीचे आहेत, चौदा घटकांची यादी कायद्याने द्यावीच लागते. अंडं-दूध-मासळी ओळखायला मला तेच आकडे उपयोगी पडले. लाजू नका, वेट्रेस आत जाऊन विचारून येते, आणि खरं तेच सांगते.

मांसाहारी मंडळींनी एकदा 'फुल आयरिश' नाश्ता करावाच, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. त्यातल्या काळ्या चकत्या म्हणजे ब्लॅक पुडिंग, डुकराच्या रक्ताचं. ज्यांनी गावाकडे बकऱ्याची रक्ती खाल्ली आहे ते मिटक्या मारत खातात, बाकीचे ताटाच्या कडेला सारतात. पांढऱ्या चकतीत रक्त नसतं, पण डुक्कर असतंच.

आता पबाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बायका आणि सज्जन पुरुष दोघंही इथेच अडखळतात. आपल्या डोक्यात 'बार' म्हणजे काळ्या काचा, परमिट रूम, आणि ओळखीचं कुणी दिसलं तर मान खाली. मी पहिले सहा महिने पबसमोरून रस्ता बदलून जायचे. इथला पब म्हणजे गावाची ओसरी. दुपारी आज्जीबाई चहा आणि स्कोन घेऊन बसतात, अंत्यविधीनंतर सगळे तिथेच जमतात, लेकरं सूप पितात. मुलांना रात्री नऊपर्यंत आत बसता येतं, मे ते सप्टेंबरमध्ये रात्री दहापर्यंत. दारू न पिणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही: चहा मागा, गिनेस झीरो, म्हणजे इथल्या काळ्या बिअरचा बिनदारूचा प्रकार, मागा, नाहीतर मिवाडी, म्हणजे पाणी घातलेलं सरबत, स्वस्तात स्वस्त.

काही रीती मात्र पाळा. पेय घ्यायला स्वतः काउंटरवर जायचं, टेबलाशी बसून हात हलवायचा नाही. तिथे रांग दिसत नाही, पण असते. कोण कुणाआधी आलं हे बारमनच्या डोक्यात पक्कं असतं. गिनेसचा ग्लास पाऊण भरून तो बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याकडे वळतो. तुमचा ग्लास विसरला असं समजून उचलू नका, फेस बसायला वेळ द्यायचा असतो. हो, आणि शाकाहारी लोकांची जुनी शंका: गिनेस गाळायला माशाच्या पोटातला पदार्थ वापरायचे, ते कंपनीने काही वर्षांपूर्वी थांबवलं.

सगळ्यात महत्त्वाचा 'राउंड'. चौघे असाल तर एकाने चौघांचं आणायचं, मग दुसऱ्याने. आपलं आपण घेऊन प्यायलात आणि दुसऱ्यांनी आणलेलंही प्यायलात, तर कुणी बोलणार नाही, पण ते लक्षात ठेवतात, वर्षानुवर्षं. एक पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, साधारण सहा युरोच्या आसपास, म्हणजे राउंडला चोवीस. परवडत नसेल तर सुरुवातीलाच सांगा, 'मी एकच घेऊन निघणार आहे'. त्यात कमीपणा नाही. मधेच गुपचूप सटकण्यात आहे.

पहिला पब म्हणून शॉन्स बारला जा. किल्ल्याच्या खालीच आहे. इ.स. ९०० पासून या जागी खानावळ आहे असा त्यांचा दावा आहे, आणि आयर्लंडमधला सगळ्यात जुना पब म्हणून गिनेस बुकाचा शिक्काही. १९७० मध्ये दुरुस्ती करताना भिंतीत काठ्या विणून बांधलेला जुना भाग सापडला, त्याचा तुकडा आत काचेमागे लावला आहे. कोकणात ज्याला कुडाची भिंत म्हणतात, तीच ही. दाव्याचं काय ते इतिहासकार बघून घेतील. मला आवडते ती तिथली जमीन: भुसा टाकलेली आणि पुढून मागे चक्क उतरती. पुराचं पाणी आत शिरलं तर आपोआप नदीकडे निघून जावं म्हणून.

बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं. आमचं घर सांगलीत नदीपासून दोन गल्ल्या आत. पावसाळ्यात आमच्याकडे 'कसे आहात' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती फूट?' विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी कुठवर आलं. २००५ आणि २०१९ दोन्ही पूर बाबांनी माळ्यावर बसून काढले. त्यांनी पाइंटला हात लावला नाही. चहाचा कप घेऊन दारापासून मागच्या अंगणापर्यंत दोनदा चालत गेले, पावलाने उतार मोजला, आणि मला म्हणाले, "बघ, पाण्याशी भांडत नाहीत." शेजारच्या स्टुलावरच्या म्हाताऱ्याला मी याचं भाषांतर करून सांगितलं, तर त्याने २००९ च्या पुरात कुठल्या रस्त्यावर वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या तिथपासून सुरुवात केली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तासभर बोलत होते.

तुमचं नाव-गाव विचारलं जाईल तेव्हा एक हुकमाचा पत्ता हाताशी ठेवा. २०१७ मध्ये 'टीशॉक', म्हणजे पंतप्रधान, झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. 'मीही त्याच राज्यातली' म्हटलं की गप्पा सुरू. राजकारणावर मत मात्र देऊ नका, निदान पहिल्या राउंडला.

संध्याकाळी नीट जेवायला, कुणी पाहुणे आले किंवा पहिला पगार झाला तर, थाइम. मिशलिनच्या बिब गुरमाँ, म्हणजे रास्त दरात चांगलं जेवण देणाऱ्यांच्या, यादीत आलेलं रेस्टॉरंट, आसपासचा माल वापरणारं. आधी टेबल राखून ठेवा. किल्ल्याजवळच्या गल्लीत किन खाओ हे थाई आहे, आणि तिखटाची हुक्की आली की माझे पाय तिकडेच वळतात. इथल्या भारतीय हॉटेलांबद्दल कमी बोलते. चवी इथल्या जिभेला जुळवून घेतलेल्या, सगळ्यात साय आणि साखर. 'इंडियन हॉट' असं सांगून बघा, कधीकधी आतला आचारी खूश होऊन मनापासून करतो. रात्री उशिरा चिपर, म्हणजे चिप्स-मासे तळून देणारी दुकानं, किंवा चायनीज टेकअवे उघडे असतात. तिथला 'स्पाइस बॅग' म्हणजे चिप्स, कुरकुरीत चिकन, मिरची-कांदा आणि मसाला एका कागदी पिशवीत. हे अस्सल आयरिश खाणं आहे, चीनमध्ये शोधू नका.

मासेखाऊंची इथे थोडी निराशा होते. दारात एवढी नदी, वर लॉख री तलाव, पण नदीतले मासे ताटात येत नाहीत. लोक गळ टाकून पकडतात आणि परत सोडतात. पाइकसारखा मासा दिवसाला एकच ठेवता येतो, तोही पन्नास सेंटिमीटरपेक्षा लहान. तेव्हा सुपरमार्केटच्या मासळी काउंटरवर समुद्रातला मॅकरेल घ्या, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. घरी तळताना खिडकी उघडा आणि स्मोक अलार्मकडे लक्ष ठेवा. बटाटे घ्याल तर लाल सालीचे रूस्टर: भाजीत विरघळतात, पण बटाटेवड्याला आणि उपासाला उत्तम.

आता रुक्ष गोष्टी. टिप बसून जेवलात तर दहा टक्क्यांच्या आसपास, काउंटरवर घेतलेल्या पेयाला नाही. साधं पाणी 'टॅप वॉटर' म्हणून मागा, नाहीतर बाटली येते आणि बिलात दिसते. दुकानातून बिअर-वाइन सकाळी साडेदहा ते रात्री दहा, रविवारी साडेबारापासून. दहा वाजून एक मिनिटाने पडदा ओढलेला असतो. पेयाच्या प्लास्टिक बाटलीच्या किंवा कॅनच्या किमतीवर पंधरा किंवा पंचवीस सेंट अनामत लागते, रिकामे न चेपता मशिनमध्ये टाकलेत की परत मिळते. आणि गाडी: लर्नर परमिटवर असाल, किंवा लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील, तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इतरांच्या पन्नासऐवजी वीस मिलिग्रॅम आहे. एका पाइंटनेही अडकाल. टॅक्सी करा, नाहीतर मिवाडी प्या.

कुणाच्या घरी गेलात तर चहा विचारतील. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'कशाला त्रास', तिसऱ्यांदा घ्यायचा. या बाबतीत सांगली आणि ॲथलोन एकच. चहा उकळलेला नसतो, पण बॅरीजची पिशवी चार मिनिटं राहू दिली की रंग येतो. आलं स्वतःचं न्या, मी पर्समध्ये ठेवते.