सज्जनगडाची वाट जमिनीखाली कशी गेली? क्यूजीआयएसच्या थ्रीडी नकाशात या चुका टाळा

क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी खिडकी उघडली आणि सगळा सातारा पोळपाटासारखा सपाट दिसला, तर ग्राफिक्स कार्डाला दोष देऊ नका. भूभागाचा प्रकार मुळात 'फ्लॅट टेरेन' असतो. तो बदलून 'डीईएम' (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) करायचा आणि आपला उंचीचा थर निवडायचा, एवढंच. खरा घोळ बहुतेक वेळा उंचीच्या फाइलीत असतो, आणि तो ही खिडकी उघडण्याआधीच झालेला असतो.

सातारकरांच्या वाट्याला तर एक खास घोळ आलाय. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानातून रडारने मोजलेली एसआरटीएम या अंतराळ मोहिमेची उंची एकेक अंशाच्या चौकोनात मिळते, आणि ७४ अंश पूर्व रेखांश नेमका आपल्या शहरातून जातो. म्हणजे कास 'एन१७ई०७३' या फाइलीत, तर संगम माहुली 'एन१७ई०७४' मध्ये. थ्रीडी भूभागाला रास्टर (पिक्सेलच्या चौकटींची फाइल) एकच देता येतं, त्यामुळे एकच फाइल उतरवली की अर्धं शहर गायब. दोन्हींचा हिलशेड (डोंगरांचं ऊनसावलीचं चित्र) वेगवेगळा काढून शेजारी ठेवला, तर शिवेवर बारीक उभी रेघ उमटते. म्हणून आधी 'मर्ज' किंवा 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर'ने दोन्ही फाइली जोडा, बाकीचं सगळं नंतर.

जोडलेली फाइल तशीच वापरायचीही घाई नको. तिच्यात आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये असते. त्यावर 'स्लोप' (उतार मोजण्याचं साधन) चालवला की सातारा-कोरेगाव रस्त्यालगतचं सपाट शिवारसुद्धा ८९ अंशांचा कडा ठरतं! थ्रीडी खिडकी तर बऱ्याच आवृत्त्यांत अंशांतला प्रोजेक्ट घेतच नाही. 'वॉर्प' या साधनाने रास्टर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या प्रणालीत (तिचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३) आणा; प्रोजेक्टलाही तेच द्या.

याच वॉर्पमध्ये दोन खड्डे आहेत. रीसँपलिंग (नव्या पिक्सेलची उंची ठरवायची पद्धत) 'निअरेस्ट नेबर' वर राहिलं, तर हिलशेडवर कापडाच्या विणीसारख्या आडव्याउभ्या रेघा येतात. 'बायलिनिअर' किंवा 'क्यूबिक' घ्या. दुसरं, वॉर्प करताना चौकोन किंचित फिरतो आणि कोपरे रिकामे पडतात. 'नोडेटा' (इथे माहिती नाही असं सांगणारा आकडा) ठरवलेला नसेल, तर तिथे शून्य भरलं जातं आणि नकाशाच्या कडेला थेट समुद्रसपाटीपर्यंत उतरणारी उभी भिंत दिसते. रंग फिके वाटले तर मात्र तो दोष नाही: ०७३ च्या चौकोनात चिपळूणही येतं, त्यामुळे रंगपट्टीचा निम्मा भाग कोकणच खाऊन टाकतं. आपल्या भागापुरतं रास्टर कापून घ्या.

आता सज्जनगड. परळीकडून चढताना मी मोबाइलवर ट्रॅक नोंदवला होता. घरी आल्यावर तो थ्रीडीत टाकला, तर वाट गडाच्या डोक्यावर आभाळात तरंगत होती. कारण साधं होतं: 'अल्टिट्यूड क्लॅम्पिंग' (उंची कशापासून धरायची ते) रिलेटिव्हवर होतं, त्यामुळे ट्रॅकमधली उंची जमिनीच्या उंचीवर आणखी चढली. ते अ‍ॅब्सोल्यूट केलं आणि वाट दिसेनाशी झाली. कॅमेरा भूभागाच्या खाली नेला तेव्हा सापडली, डोंगराच्या पोटात. दोन संध्याकाळी मी ट्रॅक पुन्हा पुन्हा लोड करण्यात घालवल्या.

चूक ट्रॅकची नव्हती, माझी होती. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. एसआरटीएमची उंची असते जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून. भारतात जिऑइड लंबगोलाच्या बराच खाली आहे; आपल्याकडे हा फरक ६० मीटरहून जास्त भरतो. काही उपकरणं तो स्वतःच दुरुस्त करून देतात, काही कच्चा आकडा देतात. माझ्या फोनने कच्चा दिला होता. पडताळा सोपा आहे: गडाच्या पायथ्याशी आणि वाटेत दोनचार जागी ट्रॅकचा आकडा आणि त्याच जागी डीईएमचा आकडा 'आयडेंटिफाय'ने बघा. सगळीकडे जवळपास सारखीच तफावत असेल, तर हेच कारण. नुसतं दाखवायचं असेल तर क्लॅम्पिंग 'टेरेन'वर ठेवून मोकळे व्हा. उंचीचा आलेख काढायचा असेल, तर मात्र तफावत प्रत्येक बिंदूत मिळवावीच लागेल.

'व्हर्टिकल स्केल'चा (उंची फुगवून दाखवण्याचा) मोह आवरा. तिपटीवर नेलं की यवतेश्वरचा घाट हिमालय होतो आणि कासचा सडा, जो सपाट आहे म्हणूनच सडा आहे, टेंगळांनी भरतो. मी दीडच्या पुढे जात नाही.

आणि अजिंक्यताऱ्याचे बुरूज शोधत बसू नका. एक पिक्सेल सुमारे ३० मीटरचा. त्यात दरवाजा काय, तटही उमटत नाही. रास्टर बारीक करून नवी माहिती येत नाही, जुनीच गुळगुळीत होते. तटबंदी हवीच असेल, तर उपग्रह चित्रावरून तिचा पॉलिगॉन (बंद आकृती) काढा, टेरेनवर बसवा आणि 'एक्सट्रूजन'मध्ये (आकृती किती उंच उचलायची तिथे) पाचसहा मीटर टाका.