टकळीवर सूत तुटतंय? या चुका टाळा

गांधी जयंती जवळ आली की टकळी, म्हणजे हाताने सूत कातायची चकतीवाली काडी, शिकायला नवी मंडळी येतात, आणि दरवेळी एकच तक्रार असते: सूत सारखं तुटतंय. टकळीचा दोष नसतो. पीळ बसायच्या आत पेळू, म्हणजे कातायला वळलेली कापसाची गुंडाळी, ओढलेला असतो.

गेल्या वर्षी एका शिबिरात एका मुलाने अर्ध्या तासात दोन पेळू संपवले, हातात वीतभर सूत नाही. व्हिडिओत हात भरभर चालतो, म्हणून याचाही भरभर. मी त्याला पेळूवरची पकड सैल करायला लावली, बोटांना राख लावली, टकळी करवंटीत टेकवली आणि सांगितलं, आता नुसती फिरव, ओढू नकोस. पीळ चिमटीपर्यंत चढताना डोळ्यांना दिसतो. तो दिसला की मगच हात मागे न्यायचा. तिसऱ्या खेपेला हातभर तार निघाली. मी तार जरा सैल सोडून बघते. ती स्वतःभोवतीच वळली तर पीळ पुरेसा.

औषधाच्या दुकानातला कापूस आणू नका. त्यातलं नैसर्गिक मेण धुऊन काढलेलं असतं, तंतू एकमेकांना धरत नाहीत.

दुसरी चूक बोलण्यातली आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो. त्याच शिबिरात निवेदक म्हणाले, "बायकांच्या तोंडाची टकळी आज हातात आली!" सगळे हसले. समोर पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या, शाळेत मूलोद्योगाच्या, म्हणजे हस्तउद्योगाच्या, तासाला टकळी शिकलेल्या. त्यांनी टकळी गुपचूप पिशवीत ठेवली. गांधीजींच्या १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर टकळी शाळांत आली ती मुलं-मुली दोघांसाठी. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा स्वतः तासन्‌तास टकळीवर कातायचे. आणि न थांबणाऱ्या बडबडीला टकळी म्हणणाऱ्याने ती कधी हातात धरली नसावी. हातभर तार झाली की टकळी थांबवावीच लागते. आकडीतून सूत सोडवायचं, काडीवर गुंडाळायचं, मग पुन्हा फिरवायची. कातणारीचं सगळं लक्ष चिमटीत असतं, बोलायला सुचतच नाही. आजींना मी शेजारी बसवून घेतलं. त्यांचं सूत माझ्याहून बारीक निघालं.

पंख्याखाली बसू नका. टकळी डगमगत असेल तर काडी फरशीवर लोळवून बघा, वाकलेली असली की लगेच कळतं. आणि टकळी खणात कोंबू नका, खिळ्याला टांगा.