वादळाच्या बुलेटिनमधले साडेपाच तास

आपत्ती व्यवस्थापनाची पदविका घेऊन रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या नियंत्रण कक्षात नव्याने बसणाऱ्याला सार्क आणि बिम्सटेक हे देशांचे गट, आपत्तीचा धोका कमी करण्याचा सेंडाई आराखडा, सगळं तोंडपाठ असतं. मग मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि टेबलावर बुलेटिन येऊन पडतं. शेजारी देशांचं सहकार्य कोकणात पोचतं ते मुख्यतः या कागदाच्या रूपाने. तो बिनचूक वाचता आला नाही, तर त्या रात्री बाकीच्या पाठांतराचा काही उपयोग नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या चक्रीवादळ पॅनेलमध्ये आज १३ देश आहेत: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, ओमान, इराण, येमेन, मालदीव, म्यानमार वगैरे. या सगळ्यांना सल्लापत्रक देण्याची जबाबदारी दिल्लीच्या हवामान विभागातल्या प्रादेशिक केंद्राकडे आहे. वादळांची नावंही हेच देश देतात. ‘निसर्ग’ बांगलादेशाने सुचवलेलं, ‘तौक्ते’ म्यानमारने. २०२० च्या यादीत प्रत्येकाची १३, अशी १६९ नावं आहेत. मुलाखतीत विचारतात म्हणून लक्षात ठेवा. कक्षात त्यांचं काम पडत नाही.

काम पडतं ते वेळेचं, आणि नवीन माणूस फसतो तोही तिथेच. यूटीसी म्हणजे जगभर संदर्भासाठी धरलेली प्रमाण वेळ. ओमानचं घड्याळ यूटीसीच्या ४ तास पुढे, पाकिस्तानचं ५, आपलं साडेपाच, बांगलादेशाचं ६, म्यानमारचं साडेसहा. म्हणून सल्लापत्रक यूटीसीत निघतं. आपल्या राष्ट्रीय बुलेटिनमध्ये मात्र भारतीय वेळ असते. दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात, दोन्हींवर चार आकडी वेळ असते, आणि दमलेल्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात.

‘निसर्ग’चंच बघा. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ०७०० ते ०९०० यूटीसीच्या दरम्यान. म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते अडीच. हेच कुणी सकाळी सात ते नऊ असं वाचलं, तर दहा वाजता गावात निरोप जाईल की वादळ येऊन गेलं. लोक निवाऱ्यातून घरी निघतील, कुणी कौलं बघायला छपरावर चढेल, आणि खरा वारा तेव्हा सुटेल. उलटी चूकही होते: राष्ट्रीय बुलेटिनमधल्या भारतीय वेळेतच कुणी आणखी साडेपाच तास मिळवतं आणि वादळ संध्याकाळवर ढकलतं.

अंतराचा हिशेब करा. ताशी १५ किलोमीटरने सरकणारं वादळ साडेपाच तासांत ८० किलोमीटरच्या वर जातं. जयगड ते श्रीवर्धन सरळ रेषेत एवढंच आहे. भरतीचा हिशेब त्याहून वाईट. आपल्याकडे भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी येते. म्हणजे वेळ साडेपाच तासांनी चुकली, की कागदावर भरतीची जवळजवळ ओहोटीच होते.

तारखेचंही तेच. १८३० यूटीसीनंतर आपल्याकडे दुसरा दिवस लागलेला असतो. १९४५ च्या मकरान भूकंपाची वेळ यूटीसीत २७ नोव्हेंबर, २१:५६. आपल्या घड्याळात २८ तारखेची पहाट, ३:२६. त्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. त्यामुळे हैदराबादच्या केंद्राचा त्सुनामी संदेश वाचतानाही आधी वेळ यूटीसी आहे की भारतीय ते शोधा, मगच पुढे जा.

सवय एकच लावा. कागद हातात आला की लाल पेनाने यूटीसी किंवा आयएसटी (भारतीय वेळ) या अक्षरांभोवती गोल करा. अक्षरं दिसली नाहीत तर अंदाज करू नका, फोन करून विचारा. नोंदवहीत दोन्ही वेळा शेजारी लिहा, आणि निरीक्षणाची वेळ वेगळी, बुलेटिन निघाल्याची वेळ वेगळी लिहा. मधल्या दोन-तीन तासांत वादळ पुढे सरकलेलं असतं. गावात जाणाऱ्या निरोपात यूटीसी अजिबात नको. ‘उद्या दुपारी’ असंही नको, कारण रात्री अकराला निघालेला निरोप पोलीस पाटील सकाळी सहाला वाचतात. ‘बुधवार ३ जून, दुपारी साडेबारा ते अडीच’ असं वार-तारखेसकट लिहा.

हे वाचून घाबरू नका. दोन-चार पाळ्यांत हात बसतो. पण झोप आलेली असताना तोंडी बेरीज करून आकडा पुढे पाठवणं कायमचं बंद करा.

फसण्याची दुसरी जागा अक्षांशाची. बुलेटिनमध्ये १७.५ उत्तर असं दशांशात असतं, होडीवरच्या जीपीएसवर बहुधा अंश आणि मिनिटं. १७.५ म्हणजे १७ अंश ३० मिनिटं, गुहागरच्या समोर. ते १७ अंश ५ मिनिटं वाचलंत तर रत्नागिरीजवळ आलात. २५ सागरी मैल, म्हणजे ४६ किलोमीटर चुकलं. तटरक्षक दलाला (१५५४) होडीचं ठिकाण कळवताना हा फरक जिवावर बेततो. ४ डिसेंबर २०२४ ला ‘अल पिरानपीर’ हे गलबत पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रात बुडालं, तेव्हा दोन्ही देशांच्या सागरी बचाव केंद्रांनी एकमेकांशी संपर्क ठेवून शोध घेतला आणि १२ खलाशी वाचले. एरवी राजकारण कसंही असो, समुद्रात हे सहकार्य खरं आहे, आणि ते ठिकाणाच्या आकड्यावर चालतं.

वाऱ्याबद्दल एवढंच: वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत असतो; ताशी किलोमीटरसाठी त्याला १.८५ ने गुणा. दिल्लीचा आकडा ३ मिनिटांच्या सरासरीचा असतो, अमेरिकी नौदलाच्या केंद्राचा १ मिनिटाच्या. म्हणून त्यांचा जास्त दिसतो. दोन्ही एका तक्त्यात मिसळू नका. मोबाइलवर फिरणारे रंगीत नकाशे बघून निर्णय घेणं मला मुळीच मान्य नाही. त्यावर एखाद्या मॉडेलचा अंदाज असतो, इशारा नसतो.

वादळामुळे चढणाऱ्या पाण्याचा (स्टॉर्म सर्ज) आकडा नेहमीच्या भरतीच्या वर मोजलेला असतो. ‘१ ते २ मीटर’ वाचून पाणी गुडघ्या-कमरेएवढं येईल असं समजू नका. त्या तासाची भरतीची उंची त्यात मिळवा. मात्र भरतीच्या तक्त्यातली उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून नसते, त्याहून खालच्या आधारपातळीपासून असते. मुंबईला हा फरक साधारण अडीच मीटरचा. गावाच्या नकाशावरची उंची सरासरी पातळीपासून असते. दोन्ही एका आधारावर आणल्याशिवाय कुठल्या वाडीत पाणी शिरेल ते सांगता येणार नाही.

इथे गुरू कोण करायचा याबद्दल माझं ठाम मत आहे: मच्छीमार सोसायटीतला जुना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. कुठल्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा तो जास्त शिकवतो. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, खाडीच्या मुखाशी पाणी किती तुंबतं, हे त्याला तिथीवरून कळतं. ‘निसर्ग’ आलं तेव्हा पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, हे त्याला कुठल्याही तक्त्यात शोधावं लागलं नसतं.

सरावासाठी हवामान विभागाचा ‘निसर्ग’वरचा अहवाल घ्या. त्यातल्या मार्गाच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीला यूटीसी वेळ, अक्षांश-रेखांश आणि नॉट असतात. एकेक ओळ आपल्या वेळेत, अंश-मिनिटांत आणि किलोमीटरमध्ये उतरवा, शेजारी त्या दिवसाची भरती लिहा. मग तो कागद सहकाऱ्याला द्या आणि मूळ आकड्यांवरून त्याला स्वतंत्रपणे मोजायला सांगा. दोघांची उत्तरं जुळेपर्यंत पुढच्या ओळीवर जाऊ नका.