फील्डांची यादी कंपायलरलाच करू द्या
रस्ट भाषेत स्ट्रक्टमधल्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या साच्यातल्या) फील्डांची, म्हणजे त्यातल्या एकेका नोंदीची, यादी मी हातानेच लिहायचो. एकदा १२ऐवजी ११च लिहिली आणि एक रकाना आठवडाभर रिकामा जात राहिला. तेव्हापासून रस्टचा डिराइव्ह मॅक्रो वापरतो: स्ट्रक्ट वाचून कंपाइल होतानाच त्याच्यासाठी कोड लिहून देणारा कोड.

मॅक्रोसाठी वेगळं क्रेट (रस्टचं पॅकेज) लागतं. मॅक्रोच्या हातात येते ती नुसती टोकनांची, म्हणजे कोडमधल्या सुट्या शब्द-चिन्हांची, माळ. ‘सिन’ या लायब्ररीने तिचं झाड करा, नाव, जेनेरिक्स (टाइपसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागा), फील्डं सुटी मिळतात. फील्डांवर एकेक करून फिरा आणि ‘कोट’ या लायब्ररीने नवा कोड परत द्या.

गोम पुढे आहे. झाडात टाइप म्हणजे फक्त लिहिलेलं नाव. कुणी स्ट्रिंगला टाइप एलियस (दुसरं नाव) दिलं असेल, तर मॅक्रोला पत्ताच नसतो, कारण टाइपची तपासणी नंतर होते. (मी नावं जुळवत बसलो होतो. वेडेपणा!) कुठल्या टाइपशी कसं वागायचं तो निर्णय ट्रेटवर (टाइपला काय करता आलं पाहिजे ते सांगणाऱ्या करारावर) सोपवा. तयार झालेला कोड ‘कार्गो एक्स्पँड’ या कमांडने बघता येतो.