मेटल डिटेक्टरचे खोटे सिग्नल: दोष हवेत, यंत्रात की जमिनीत?

छंद म्हणून घेतलेला मेटल डिटेक्टर पहिल्यांदा कोकणातल्या पुळणीवर किंवा जांभ्याच्या सड्यावर नेला की तो पावलोपावली वाजतो आणि खणल्यावर हाती काहीच लागत नाही, असा अनुभव बहुतेकांना येतो. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता), ग्राउंड बॅलन्स (जमिनीच्या सिग्नलशी जुळवणी) आणि डिस्क्रिमिनेशन (नको असलेले धातू वगळणे) ही तिन्ही बटणे एकदम फिरवण्याचा मोह होतो. पण त्याने आवाज थांबला तरी तो कशामुळे थांबला हे कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून माझा आग्रह असा, की सुरुवातीला काहीही न बदलता फक्त ऐकावे, आणि नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

मोकळ्या जागी उभे राहून कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधक तबकडी) कमरेइतकी वर उचलावी आणि अर्धा मिनिट अगदी स्थिर धरावी. यंत्र स्थिर असूनही आवाज येत असेल, तर कारण बहुधा बाहेरच्या विद्युतचुंबकीय हस्तक्षेपात आहे, क्वचित यंत्राच्या आतल्या दोषात. स्थिर असताना शांत आणि हवेतच झुलवल्यावर आवाज, असे असेल तर केबल किंवा कॉइल तपासावी. हवेत दोन्ही प्रकारे शांत आणि जमिनीजवळ नेताच गोंधळ, असे असेल तर जमीन बोलते आहे. ही चाचणी घरात करू नये, कारण स्लॅबमधल्या सळया, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्यामुळे निरोगी यंत्रही तिथे बरळते.

हवेतल्या हस्तक्षेपाचे मूळ बहुतेकदा विजेत असते. छंदासाठीची बरीचशी यंत्रे साधारण 5 ते 20 किलोहर्ट्झच्या दरम्यान काम करतात आणि अतिशय क्षीण सिग्नल ऐकतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असली तरी तिच्या पटीतल्या वारंवारता आणि पंप, चार्जर, दिवे यांतून निघणारा खरखराट त्या पट्ट्यात शिरतो. कॉइल ही अँटेनासारखी वागते, म्हणून ती उभी-आडवी करत स्वतःभोवती सावकाश फिरावे. ज्या दिशेला आवाज वाढतो तिकडे तार, रोहित्र किंवा विजेचे कुंपण दिसते का ते पाहावे. खिशातला मोबाइल विमान मोडवर टाकावा. शेजारी दुसरा डिटेक्टर चालू असेल तर दोघांतले अंतर वाढवावे. यंत्रात वारंवारता थोडी सरकवण्याची सोय असल्यास ती आधी वापरावी, आणि एवढे करूनही भागले नाही तरच सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवावी. यात थोडी खोली गमवावी लागते, पण शांत यंत्र कमी सेन्सिटिव्हिटीवरही जे ऐकवते ते सतत किरकिरणारे यंत्र ऐकवू शकत नाही.

यंत्राच्या बाबतीत मी सर्वांत आधी केबलकडे पाहतो. कॉइलच्या आतली प्रेषक आणि ग्राहक वेटोळी एकमेकांच्या तोलात बसवलेली असतात; कॉइलजवळची सैल केबल झोक्याबरोबर हलली की तो तोल क्षणभर बिघडतो आणि धातूसारखाच आवाज येतो. केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी, जोडणीचा प्लग घट्ट करावा, आणि कॉइलचे प्लॅस्टिकचे आवरण काढून आत साचलेली वाळू धुवावी. उतरलेली बॅटरी, पायातल्या बुटांची लोखंडी टोके आणि हातातले फावडे यांचीही खातरजमा करून घ्यावी.

खरी कसोटी जमिनीची असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या रेतीत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात, जांभ्यात लोहाची ऑक्साइडे असतात, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट सापडते. भाजलेली माती तर अधिकच चुंबकीय होते. त्यामुळे जुन्या चुलीची जागा, विटांचे तुकडे आणि मंगलोरी कौलांची खापरे हमखास फसवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून तो कोरड्या वाळूतून ओढावा. काळ्या कणांचा गुच्छ चिकटला तर ग्राउंड बॅलन्सशिवाय तिथे काम होणार नाही. त्यासाठी धातू नसलेली जागा निवडून कॉइल जमिनीला समांतर ठेवावी, सुमारे 3 ते 30 सेंटिमीटरच्या दरम्यान वर-खाली करावी, आणि दोन्ही टोकांना आवाज सारखा येईपर्यंत जुळवणी करावी. कोरड्या वाळूवरून ओल्या वाळूवर गेल्यावर ती पुन्हा करावी लागते, कारण खारे पाणी वीजवाहक असते आणि त्याचा सिग्नल काळ्या रेतीपेक्षा वेगळा असतो. एका वारंवारतेचे यंत्र या दोहोंपैकी एकाचाच तोल साधू शकते. भरतीच्या रेषेखाली ते कुरकुरले तर त्याला दोष देऊ नये, कोरड्या वाळूकडे परतावे. बहुवारंवारता यंत्र तिथे बरेच चांगले चालते. जाता जाता एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते: किल्ले आणि संरक्षित स्मारके यांच्या आवारात सरावासाठीसुद्धा यंत्र नेऊ नये.

राहिला गंजलेल्या लोखंडाचा प्रश्न. होड्यांचे जुने खिळे आणि बाटल्यांची पत्र्याची बुचे चांगल्या धातूचा उंच टोन देऊन दगा देतात. सिग्नल आला की 90 अंशांनी वळून त्याच जागेवरून पुन्हा कॉइल फिरवावी. एका दिशेने गोड आणि दुसऱ्या दिशेने तुटक वाजणारा, पडद्यावरचा आकडा उड्या मारणारा, किंवा पिनपॉइंट केल्यावर (नेमकी जागा शोधल्यावर) मूळ जागेपासून सरकणारा सिग्नल बहुधा लोखंडाचा असतो. तरीही शंका उरली तर खणावे. माती काढल्यावर खड्डा आणि ढीग दोन्ही शांत झाले, तर माती परत भरावी, ती जागा सोडून दोन पावले पुढे जावे आणि ग्राउंड बॅलन्स नव्याने करावा.